फाईल निघाल्यावर

कर्करोगाचे निदान आणि पहिला उपचार यांच्यामध्ये आज काही आठवडे जातात. तपासण्या, कागदपत्रे, पैसा, रक्तदाते, राहण्याची सोय अशी सगळी जुळवाजुळव याच दिवसांत करावी लागते. वैद्यकाच्या इतिहासात हा मधला काळ तसा अलीकडचा. शंभर वर्षांपूर्वी गाठ हाताला लागली आणि रोगी शस्त्रवैद्यापर्यंत पोचला, तर निदान आणि उपचार बहुधा एकाच टेबलावर होत. महाराष्ट्रात या मधल्या काळाला आजचे रूप आले ते मुंबईच्या परळ भागात, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपास. मराठी घरांत ‘टाटाला नेले’ एवढे म्हटले की आजाराचे नाव वेगळे सांगावे लागत नाही. पुष्कळदा ते नाव तोंडी येऊ नये म्हणूनच तसे म्हटले जाते.

उपचाराआधीच्या तयारीला जुन्या भारतीय वैद्यकात स्वतंत्र नाव होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन टप्पे सांगितले आहेत. यंत्रे, शस्त्रे, क्षार, अग्नी, जळवा, कापूस, दोरा, मध, तूप, थंड व गरम पाणी ही सारी सामग्री आधी मांडून ठेवावी, असे तिथे सांगितले आहे. याच यादीत मायाळू, स्थिर चित्ताचे आणि बळकट असे परिचारकही येतात. रोग्याजवळची माणसे ही उपचाराच्या सामग्रीतच मोजली होती, ही नोंद पुढच्या इतिहासासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला खाऊ घालावे असा सामान्य नियम होता. मूळव्याध, मुतखडा, भगंदर, मुखरोग अशा काही विकारांत मात्र त्याला उपाशी ठेवावे, असा अपवाद होता. अर्बुद, म्हणजे वाढत जाणारी गाठ, काढताना तिचा अंश मागे राहिला तर ती पुन्हा लवकर उगवते, हेही ग्रंथकाराला माहीत होते. सुश्रुताचे अर्बुद म्हणजे आजचा कर्करोगच, असे मात्र म्हणता येत नाही. त्या शब्दाखाली अनेक प्रकारच्या गाठी येत.

एकोणिसाव्या शतकात भूल आली, जंतुनाशके आली आणि शस्त्रक्रिया मोठ्या होत गेल्या. अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी 1894 मध्ये स्तनाच्या कर्करोगावरची आपली विस्तृत शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकत. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगभर हाच रिवाज राहिला. 1905 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी ऊतीचा तुकडा गोठवून लगेच तपासण्याची कृती रूढ केली, आणि त्या रिवाजाला वेग आला. बाई भुलीत असतानाच तुकडा तपासायला जाई. उत्तर ‘होय’ आले की त्याच बैठकीत स्तन काढला जाई. झोपताना तिला फक्त गाठ असल्याचे ठाऊक असे, आणि जागी झाल्यावर छातीवर पट्टी दिसे. तयारीला वेळ नव्हता, कारण तयारी कशाची करायची हेच आधी कळत नव्हते. तपासणी वेगळ्या दिवशी आणि उपचार वेगळ्या दिवशी, ही पद्धत 1970 च्या दशकात पाश्चात्त्य देशांत जोर धरू लागली. तिच्यामागे शल्यविशारदांच्या विचारांइतकाच रुग्ण स्त्रियांच्या आग्रहाचाही वाटा होता. भारतात कायद्याने हे दोन दिवस स्पष्टपणे वेगळे केले ते 2008 मध्ये. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निदानासाठी दिलेली संमती उपचाराची संमती ठरत नाही, असा निर्णय दिला. त्या प्रकरणातील शस्त्रक्रिया कर्करोगाची नव्हती, पण सहीसाठी पुढे येणाऱ्या प्रत्येक संमतीपत्राला तो निर्णय लागू पडतो.

परळच्या रुग्णालयाची गोष्ट एका परदेशी आजारपणापासून सुरू होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात वारल्या. वर्षभरात दोराबजींचेही जर्मनीत निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या विश्वस्त निधीतून मुंबईत कर्करोगाचे खास रुग्णालय उभारण्याचे ठरले. तोवर इथल्या रोग्याला 1845 पासूनचे जे.जे., 1926 मध्ये सुरू झालेले के.ई.एम. किंवा एखादे मिशनचे रुग्णालय एवढाच आधार होता. ज्यांना परवडे ते बोटीने विलायतेला जात. टाटा मेमोरियलचे उद्घाटन मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्ते 28 फेब्रुवारी 1941 रोजी झाले. सुरुवातीला खाटा 80 होत्या. गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या परळमध्ये ही इमारत उभी राहिली आणि अल्पावधीतच तिथे येणारा रोगी मुंबईबाहेरचा असणार हे दिसू लागले.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखला जाणारा हा मराठी संशोधक काचपट्टीवरच्या पेशींइतकाच रोग्याच्या सवयींकडे पाहत असे. घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी सहकाऱ्यासह 1945 मध्ये प्रसिद्ध केले. तंबाखू चघळण्याचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध ते मांडत राहिले. नवा रुग्ण आला की तंबाखू, विडी, सुपारी, मिशरी, दारू, आणि असल्यास किती वर्षे, असे प्रश्न आजही सुरुवातीलाच येतात. त्यांची मुळे या संशोधनात आहेत. मिशरीचा प्रश्न बाईला वेगळा विचारावा लागतो. तंबाखू खाता का, असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येते. मिशरीने दात घासणे हे तिच्या लेखी तंबाखू खाणे नव्हेच.

खानोलकरांच्या विद्येने रोग्याच्या तयारीत एक छोटी वस्तू कायमची आणून ठेवली. ती म्हणजे ब्लॉक. तपासणीसाठी काढलेला मांसाचा तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात. हे द्रावण ऊती टिकवते, हे फर्डिनांड ब्लुम या जर्मन संशोधकाने 1893 मध्ये दाखवून दिले. नंतर त्या तुकड्यातले पाणी काढून तो वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवतात. मेण थिजले की काडेपेटीहून लहान अशी एक वडी हाती येते. तिचे अगदी पातळ काप काढून काचेवर चढवले आणि रंगवले की स्लाइड तयार. मेणाची ही वडी वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे गावच्या लॅबमध्ये झालेले निदान मुंबईत पुन्हा तपासता येते, आणि मोठी रुग्णालये ते तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत. नुसता रिपोर्ट त्यांना पुरत नाही, ब्लॉक आणि स्लाइडही हव्या असतात. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने किंवा कोल्हापूरहून महालक्ष्मीने पहाटे दादरला उतरणाऱ्या माणसाच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेली स्लाइडची डबी असते. तिला धक्का लागू नये म्हणून ती कपड्यांच्या मधोमध ठेवलेली असते. मेणाला ऊन लागू देऊ नका, एवढी सूचना लॅबवाल्याने दिलेली असते. आणायची राहिली तर गावाकडे फोन, कुरियर आणि आठ दिवसांचा खोळंबा ठरलेला.

निदान पक्के झाले की प्रश्न येतो तो रोग कितपत पसरला आहे याचा. ‘कितवी स्टेज?’ हा आज घराघरांत विचारला जाणारा प्रश्न फ्रेंच शल्यविशारद पियेर डेनुआ यांच्या कामातून आला. 1943 ते 1952 या काळात त्यांनी मूळ गाठीचा आकार, लसिकाग्रंथींपर्यंतचा प्रसार आणि दूरच्या अवयवांपर्यंतचा प्रसार या तीन गोष्टींवर आधारलेली वर्गवारी बसवली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाने तिची पहिली पुस्तिका 1968 मध्ये काढली. त्या काळी टप्पा ठरे तो हाताने चाचपून, छातीच्या एक्स-रेवरून आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत. 1971 मध्ये लंडनमध्ये पहिल्या रोग्याचे सीटी स्कॅन झाले, त्यानंतर एमआरआय आले. 2002 मध्ये परळलाच, अणुऊर्जा विभागाच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, देशातला पहिला पेट स्कॅनर सुरू झाला. या तपासणीची स्वतःचीच एक पूर्वतयारी असते. सुमारे सहा तास पोटात काही नको, साखर आटोक्यात हवी, आदल्या दिवशी धावपळ नको. किरणोत्सारी साखरेचे इंजेक्शन दिल्यावर तासभर निवांत पडून राहायचे, बोलायचे नाही. बोलणाऱ्याच्या घशाचे स्नायू साखर खेचतात आणि चित्रात नको तिथे उजळतात. अनोळखी शहरात, अनोळखी खोलीत, शेजारी कुणी नसताना गप्प पडून राहण्याचा हा तास बऱ्याच रोग्यांना सुईहून जड जातो.

टप्पा नेमका कळू लागल्याने उपचारांचा क्रमही बदलला. आधी शस्त्रक्रिया हा नियम सैल झाला. कुठे आधी केमोथेरपी, कुठे आधी किरणोपचार, कुठे दोन्ही एकदम. हा क्रम एकट्या डॉक्टरने ठरवायचा नाही, शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायचा, ही बैठकीची पद्धत त्यातूनच आली. रोग्याच्या बाजूने पाहिले तर तिचा अर्थ आणखी एक ओपीडी, आणखी एक तारीख. उपचार मात्र तिने निश्चितच सुधारले.

किरणोपचाराला लोक ‘शेक’ म्हणतात किंवा ‘लाइट’. ‘पस्तीस लाइट सांगितलेत’ असे सहज म्हटले जाते. तोंडाच्या किंवा घशाच्या शेकाआधी रोग्याला दाताच्या डॉक्टरकडे धाडतात, आणि त्याला त्याचे नवल वाटते. कारण साधे आहे. किरणांनी जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि लाळ आटते. नंतर दात किडला आणि काढावा लागला तर जखम भरत नाही, हाड कुजू लागते. म्हणून किडके, हलणारे दात आधीच काढतात आणि हिरडी भरून यायला दहा-पंधरा दिवस देतात. जुन्या काळी धोका टाळण्यासाठी तोंडातले सगळेच दात काढून टाकण्याची प्रथा होती. फ्लोराइडचे उपचार आणि नेमके किरण आल्यावर ती मागे पडली. तंबाखूने दातांची आधीच वाट लागलेल्या रोग्याला मात्र आजही एका बैठकीत पाच-सहा दात गमवावे लागतात.

त्यानंतर मुखवटा. शेक देताना डोके रोज त्याच जागी, त्याच कोनात राहायला हवे. पूर्वी त्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढत. आता जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात बुडवतात. तो मऊ पडला की चेहऱ्यावर अंथरून दोन्ही बाजूंनी टेबलाला खिळवतात. सुरुवातीला ऊबदार वाटणारी ती जाळी काही मिनिटांत गार होऊन कडक बनते आणि नाक, हनुवटी, कपाळ यांची हुबेहूब घडण धरते. पुढचे सहा-सात आठवडे रोज याच मुखवट्याखाली पडायचे असते. छातीच्या किंवा पोटाच्या शेकासाठी अंगावर खुणा करतात आणि त्या पुसू नका असे बजावतात. ‘आंघोळ करू का?’ हा प्रश्न त्यामुळेच येतो. किरणांचे यंत्रही बदलत गेले. 1951 मध्ये कॅनडात कोबाल्ट यंत्राने पहिला रोगी शेकला गेला, आणि पुढची काही दशके भारतातल्या किरणोपचाराचा भार कोबाल्टनेच वाहिला. 1962 मध्ये टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाकडे गेले, त्यालाही हा धागा होता. त्याआधी 1957 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालय ताब्यात घेतले होते. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे का, हे कोडे बाहेरून आलेल्या माणसाला पडते. किरणोत्सर्ग हे त्याचे अर्धे उत्तर. होमी भाभा आणि जे.आर.डी. टाटा यांचा परस्परांवरचा विश्वास हे उरलेले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ नावाचे देशी कोबाल्ट यंत्रही तयार केले.

आता फाईलकडे यावे. ‘फाईल काढणे’ हा परळचा वाक्प्रयोग. नाव, वय, पत्ता, सोबतचा माणूस, आधीचे कागद अशी नोंद झाली की रोग्याला क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर तोच राहतो. वीस वर्षांनी तपासणीला आलेला माणूसही आधी क्रमांक सांगतो, मग नाव. फाईल जनरल की प्रायव्हेट हे सुरुवातीलाच ठरवावे लागते, कारण खर्च, ओपीडी आणि ताटकळणे ही तिन्ही गणिते त्यावर अवलंबून असतात. नोंद घेण्याच्या या सवयीतून शास्त्रही उभे राहिले. डॉ. दाराब जसावाला यांनी नवल टाटांसह 1951 मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापली, आणि सोसायटीने 1963 मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. कोणत्या वस्तीत कोणता कर्करोग किती, याचे विश्वासार्ह आकडे तेव्हापासून मिळू लागले. रुग्णालयातले समाजसेवकही या कागदांच्या वाटेवरच भेटतात. कोणत्या ट्रस्टला अर्ज करायचा आणि कोणता दाखला आणायचा, हे तेच सांगतात.

रुग्णालयासमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. गोमंतकीय कुळातले हे शल्यविशारद इथल्या पहिल्या पिढीतले. त्यांच्या नावाच्या या रस्त्याने आणि त्याला मिळणाऱ्या गल्ल्यांनी उपचाराआधीच्या तयारीचा सर्वांत अवघड भाग पाहिला आहे, तो म्हणजे राहायचे कुठे. खाट लागते ती शस्त्रक्रियेसाठी. तपासण्या, शेक आणि केमो यांचा बहुतेक भाग बाहेरूनच येऊन घ्यायचा असतो. गावाहून आलेल्या कुटुंबाला त्यामुळे दोन-चार महिने मुंबईत काढावे लागतात. गिरणगावाला बाहेरच्या माणसाची सवय होती. कोकण आणि घाटावरून आलेले कामगार इथल्या खोल्यांत गाळेकरी म्हणून राहत, खाणावळीत जेवत. कर्करोगाच्या रोग्यांनीही सुरुवातीला नातेवाईक आणि गाववाल्यांच्या याच जाळ्याचा आधार घेतला. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या आणि त्यांबरोबर गावची माणसेही परळमधून हलली. रोगी मात्र वाढत गेले.

धर्मशाळेची कल्पना या गरजेला जोडली गेली ती गाडगे महाराजांमुळे. अमरावती जिल्ह्यात 1876 मध्ये जन्मलेल्या या कीर्तनकाराने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. यात्रेत उघड्यावर झोपणारा गरीब आणि इस्पितळाबाहेर उघड्यावर झोपणारा रोग्याचा नातलग यांत त्यांना फरक वाटला नाही. आयुष्याच्या अखेरच्या काळात, 1950 च्या दशकात, त्यांनी जे.जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. 1956 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा प्रामुख्याने कर्करोगाच्या रोग्यांची झाली. तीर्थयात्रेसाठी घडलेली संस्था रोगयात्रेसाठी वापरात आली, आणि हे वळण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात जितके नोंदले जायला हवे तितके नोंदले गेलेले नाही. परळमध्येच 1968 पासून नाना पालकर स्मृती समिती रोगी आणि नातेवाइकांच्या निवासाचे काम करते. 1969 मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन स्थापन झाली. लहान मुलांसाठी 2006 मध्ये सेंट ज्यूड संस्थेचे पहिले निवासकेंद्र उघडले. जेवणाचे डबे, औषधे, रक्त पुरवणाऱ्या लहानमोठ्या मंडळांची तर गणतीच नाही.

तरीही पदपथ रिकामा झाला नाही. रुग्णालयाच्या भिंतीलगत निळी ताडपत्री, दोरीवर वाळणारे कपडे, स्टोव्हवर शिजणारी खिचडी आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली फाईल हे दृश्य अनेक दशकांचे आहे. धर्मशाळेत जागा नसते, किंवा मुदत संपलेली असते, किंवा बिहार-बंगालहून आलेल्या माणसाला ती कुठे आहे हेच ठाऊक नसते. 2021 मध्ये राज्य सरकारने रोग्यांच्या नातेवाइकांसाठी म्हाडाची 100 घरे देण्याचे ठरवले. आधी ठरलेल्या इमारतींमधल्या रहिवाशांनी हरकत घेतली आणि जागा बदलून बॉम्बे डाइंग गिरणीच्या आवारातली घरे पुढे आली. कर्करोग संसर्गाने पसरत नाही, हे त्या वेळीही पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

पैशाची तयारी आधी घरातूनच होई. दागिने, बैल, जमिनीचा तुकडा. भावकीतून उसनवारी. मग ट्रस्ट, देवस्थानांचे निधी आणि मुख्यमंत्री सहायता निधी यांचे अर्ज आले, आणि प्रत्येकासोबत रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक व तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडावा लागू लागला. रेल्वेने कर्करोगाच्या रोग्याला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित डब्यात पूर्ण भाडेमाफी दिली, सोबतच्या माणसाला 75 टक्के. सवलतीचा तो कागद डॉक्टरच्या सही-शिक्क्याने मिळतो आणि फाईलमध्ये तो मानाच्या जागी असतो. 2012 मध्ये राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. 2017 मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. प्रति कुटुंब दीड लाख रुपयांपासून सुरू झालेली मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड, ओळखपत्र, बायोप्सीचा रिपोर्ट आणि रोग्याचा फोटो घेऊन योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी उभे राहायचे आणि मंजुरी येईपर्यंत थांबायचे, हा तयारीचा नवा टप्पा त्यातून तयार झाला. रेशनकार्डावर रोग्याचे नाव नसले, किंवा आधारवर आडनावाचे स्पेलिंग वेगळे असले, तर आधी तहसील गाठावे लागते. गाठ त्या काळात वाढायची थांबत नाही.

ही सारी धावपळ कोण करतो? सुश्रुताच्या यादीतला तो मायाळू आणि बळकट परिचारक. बहुधा मुलगा, भाऊ, जावई. बाई आजारी असेल तर नवरा, आणि पुरुष आजारी असेल तर हमखास बायको. कागद त्याच्या हाती, डॉक्टरशी बोलणे त्याचे, आणि रोग्याला काय सांगायचे हा निर्णयही बऱ्याचदा त्याचाच. ‘पेशंटला सांगू नका’ ही विनंती भारतीय घरांतच होते असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत 1961 मध्ये झालेल्या एका पाहणीत नव्वद टक्के डॉक्टरांनी कर्करोगाचे निदान रोग्याला सांगणे पसंत नसल्याचे म्हटले होते. 1979 मध्ये तशाच पाहणीत सत्त्याण्णव टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. आपल्याकडे हे वळण सावकाश आले, आणि ते सर्वत्र आले आहे असेही नाही. हृषीकेश मुखर्जी यांच्या 1971 च्या ‘आनंद’ चित्रपटातला नायक स्वतःच्या आजाराचे लांबलचक नाव हसत उच्चारतो. ते ऐकून डोळे पुसणाऱ्या घरांत तेच नाव आजोबांपासून लपवले जात होते. परळच्या इमारतीवर ‘कॅन्सर’ हा शब्द वाचता येणाऱ्या रोग्यापासून तो कसा लपणार, हा प्रश्न नातेवाईक स्वतःला विचारत नाहीत. रोगी बहुधा सारे ओळखून गप्प राहतो.

शरीराची तयारी या सगळ्यात मागे पडली होती. गेल्या काही दशकांत ती पुन्हा पुढे आली. शस्त्रक्रियेपूर्वी तंबाखू बंद, रक्तातले लोह आणि साखर ताळ्यावर, वजन घटू नये म्हणून प्रथिनांचा आहार. गिळता येत नसेल तर नाकातून नळी. छातीच्या किंवा पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी हाती दिले जाणारे तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र आता वॉर्डावॉर्डात दिसते. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, पहिला चेंडू वर जातो, मग दुसरा. तिसरा वर जाऊन टिकला की शेजारच्या खाटेवरून दाद मिळते. रक्त लागणार असेल तर दाते आणायला सांगतात, आणि मुंबईत ओळख नसलेल्या माणसापुढे हे संकटच उभे राहते. कॉलेजची पोरे आणि गणेशोत्सव मंडळांची शिबिरे यांनी हा भार पुष्कळ हलका केला आहे. स्वरयंत्र काढावे लागणाऱ्या किंवा पोटावर पिशवी बसवावी लागणाऱ्या रोग्याला आधीच त्याच अनुभवातून गेलेला माणूस भेटवण्याची पद्धतही उपयोगी ठरली. पिशवीवर शर्ट घालून कामावर जाणारा माणूस समोर बसून चहा पितो, तेव्हा डॉक्टरच्या तासभराच्या समजावणीचे काम होऊन जाते.

सगळ्यांनी परळलाच यावे लागू नये, ही धडपडही जुनी आहे. बार्शीत डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. 1987 मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणांची माहिती देत, कारण उशिरा येणाऱ्या रोग्यापुढे तयारी करण्यासारखे फारसे काही उरत नसे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे रुग्णालय विदर्भाचा भार उचलते. टाटा मेमोरियलचे खारघरचे केंद्र 2002 मध्ये सुरू झाले, आणि नंतर वाराणसी, गुवाहाटी, संगरूर येथेही त्याचा विस्तार झाला. 2012 मध्ये देशभरातली रुग्णालये राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये एकत्र येऊ लागली, म्हणजे एकाच रोगावर सगळीकडे सारखे उपचार व्हावेत. तरीही परळला येणारे नवे रोगी वर्षाला साठ हजारांच्या वर राहिले.

नोंदणी आता मोबाइलवरून होते, तपासण्यांचे निकाल संगणकावर दिसतात, पैसे कार्डातून वळते होतात. जाडजूड फाईल पातळ होत चालली आहे. मेणाचा ब्लॉक मात्र अजून कुणाच्या तरी पिशवीतूनच परळपर्यंत येतो, आणि तो खिडकीवर दिल्याची पावती सोबतचा माणूस खिशात जपून ठेवतो. तिच्यावरच्या तारखेपासून पुढचे दिवस मोजायचे असतात.